परकीय गंगाजळी: किती, कशासाठी आणि कोणाच्या पैशांची?

२७ सप्टेंबर २०२४ रोजी संपलेल्या आठवड्यात भारताचा परकीय चलनसाठा सुमारे ७०५ अब्ज डॉलरवर गेला. तोवरचा तो उच्चांक होता. पुढच्या चार महिन्यांच्या आत त्यातले सुमारे ८० अब्ज डॉलर कमी झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये आकडा ६२४ अब्जांवर आला. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला हा आकडा जाहीर करते. तो वाढला की देश सुरक्षित झाल्याचे सांगितले जाते, घटला की चिंता व्यक्त होते. या चढउतारामागे मात्र शंभर वर्षांहून जुना वाद आहे. साठा किती असावा, तो कशासाठी वापरावा, कशात आणि कुठे ठेवावा, त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या वादातले प्रश्न. त्यांची आजची स्थिती काय आहे, हे या लेखात क्रमाने पाहायचे आहे.

ताळेबंदात साठ्याची जागा

व्यवहारतोल म्हणजे ठरावीक काळात देशाने बाकी जगाशी केलेल्या सर्व देवघेवीचा हिशेब. त्याची दोन मुख्य खाती असतात. चालू खात्यात मालाची आयात-निर्यात, सेवांची देवघेव, व्याज-लाभांश आणि परदेशी राहणाऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा येतो. भांडवली खात्यात थेट गुंतवणूक, शेअर आणि रोख्यांतली गुंतवणूक, परकीय कर्जे, अनिवासी भारतीयांच्या ठेवी यांची नोंद होते. दोन्ही खात्यांतून मिळून जास्तीचे डॉलर देशात आले आणि रिझर्व्ह बँकेने ते विकत घेतले, तर साठा वाढतो. डॉलर कमी पडले आणि बँकेने आपल्याकडचे विकले, तर साठा घटतो. बँकेने काहीच केले नाही, तर सगळा भार विनिमय दरावर पडतो. म्हणजे साठ्यातला बदल हा व्यवहारतोल आणि रिझर्व्ह बँकेचे धोरण या दोहोंचा मिळून परिणाम असतो.

२०२४-२५ च्या हिशेबात भारताची मालाच्या व्यापारातली तूट सुमारे २८७ अब्ज डॉलर होती. सेवाक्षेत्राने सुमारे १८९ अब्जांची निव्वळ कमाई केली आणि परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर घरी पाठवले. व्याज आणि लाभांशापोटी बाहेर गेलेली रक्कम वजा केल्यावर चालू खात्यावरची तूट सुमारे २३ अब्ज डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६ टक्के उरली. तेल, सोने आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीने पडणारे खिंडार सॉफ्टवेअर निर्यात आणि स्थलांतरितांची कमाई बऱ्याच अंशी बुजवतात. या कमाईत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून आलेल्या अशा रकमेपैकी सुमारे २०.५ टक्के महाराष्ट्रात आली होती. केरळचा वाटा त्याच्या थोडा खाली होता.

साठ्याचे घटक चार: परकीय चलनातील मालमत्ता, सोने, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे विशेष आहरण हक्क आणि नाणेनिधीतील राखीव हिस्सा. पहिला घटक सर्वांत मोठा असून तो प्रामुख्याने परदेशी सरकारांच्या रोख्यांत आणि ठेवींत असतो. आकडा डॉलरमध्ये मांडला जात असल्याने डॉलर वधारला किंवा रोख्यांचे भाव पडले, तर एकही डॉलर न विकता साठा घटलेला दिसतो. सप्टेंबर २०२१ मधले ६४२ अब्ज डॉलर ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२४ अब्जांवर आले. त्या घसरणीच्या काळात, २०२२-२३ या आर्थिक वर्षात तोवर झालेल्या घटीपैकी सुमारे दोन तृतीयांश घट केवळ मूल्यांकनातल्या बदलामुळे झाल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते.

लंडनच्या तिजोरीपासून १९६६ पर्यंत

साठा कुठे ठेवावा आणि कोणाच्या हाती असावा, हा भारतातला पहिला वाद. १८९३ मध्ये टांकसाळींनी खासगी चांदीची नाणी पाडून देणे बंद केले आणि रुपयाचा दर पुढे एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. नाणी पाडण्यातून होणाऱ्या नफ्यातून सुवर्ण प्रमाण निधी उभा राहिला आणि त्याचा मोठा भाग लंडनमध्ये ठेवला गेला. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन केले. देशात सोन्याची नाणी न फिरवता परदेशातल्या साठ्याच्या आधारे विनिमय दर सांभाळणे काटकसरीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात याच पद्धतीवर टीका केली. सरकारला रुपये काढण्याची मोकळीक मिळाली की चलनवाढीला आळा राहत नाही, आणि बाहेरचा दर सांभाळण्यापेक्षा देशांतर्गत खरेदीशक्ती स्थिर ठेवणे सामान्य माणसासाठी अधिक महत्त्वाचे आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढे भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्षही दिली. साठा वापरून दर सांभाळावा की चलनाच्या निर्मितीला शिस्त लावावी, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न आजच्या चर्चेतही जिवंत आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून माल आणि सेवा घेतल्या आणि त्यांचे मोल पौंडांत लंडनमध्ये जमा केले. १९४७ मध्ये ही पौंडातली येणी सुमारे ११६ कोटी पौंड होती. जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने ती मोकळी करण्याचा प्रश्न लावून धरला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्या शिष्टमंडळात होते. परिषदेने तो विषय भारत आणि ब्रिटन यांच्यातील वाटाघाटींवर सोडला.

ही येणी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने झपाट्याने संपवली. अवजड उद्योगांसाठी यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि १९५७ मध्ये परकीय चलनाची मोठी टंचाई उद्भवली. त्या सुमारास नोटांच्या प्रमाणात सोने व परकीय रोखे ठेवण्याची कायद्यातली अट काढून किमान २०० कोटी रुपयांचा साठा आणि त्यात ११५ कोटींचे सोने एवढीच अट ठेवण्यात आली. १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांचा गट उभा राहिला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. या सगळ्या काळात साठा ही तुटपुंजी शिल्लक होती आणि धोरणाचा भर आयात परवाने आणि चलननियंत्रण यांवर होता.

१९९१: धडा आणि त्याचे दोन अर्थ

ऐंशीच्या दशकात तूट भागवण्यासाठी व्यापारी कर्जे आणि अनिवासी ठेवी यांचा आधार वाढला. १९९०-९१ मध्ये चालू खात्यावरची तूट सुमारे ३ टक्क्यांवर पोचली. आखाती युद्धाने तेल महागले आणि कुवेत-इराकमधून येणारी कमाई आटली. सोव्हिएत संघाची बाजारपेठ खचली. देशातली राजकीय अस्थिरता पाहून परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जे पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि अनिवासी ठेवी काढून घेतल्या जाऊ लागल्या. १९९१ च्या मध्याला परकीय चलन सुमारे एक अब्ज डॉलरवर आले. जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला ते पुरले असते.

मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत सरकारी ताब्यातले २० टन सोने परत खरेदीच्या अटीवर विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले.

या प्रसंगाचा पहिला अर्थ असा लावला गेला की साठा अपुरा होता, म्हणून तो भरपूर असावा. दुसरा अर्थ देणी पाहणाऱ्यांनी लावला. मार्च १९९१ मध्ये देशाचे अल्पमुदतीचे परकीय कर्ज एकूण साठ्याच्या १४६ टक्क्यांहून अधिक होते. त्यांच्या मते खरा दोष कर्जाच्या रचनेत आणि वर्षानुवर्षे वाढू दिलेल्या तुटीत होता. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील व्यवहारतोलविषयक उच्चस्तरीय समितीने १९९३ च्या अहवालात दोन्ही अर्थ एकत्र बांधले. चालू खात्यावरची तूट पेलवेल इतकीच ठेवावी, अल्पमुदतीच्या कर्जावर लगाम ठेवावा, कर्जापेक्षा थेट गुंतवणुकीला प्राधान्य द्यावे, आणि साठा ठरवताना आयातीबरोबर देण्यांचाही विचार करावा, अशी तिची दिशा होती. पुढच्या तीन दशकांचे धोरण बऱ्याच अंशी याच चौकटीत घडले.

साठा वाढला कसा

मार्च १९९३ मध्ये विनिमय दर बाजारावर सोपवला गेला आणि ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. भांडवली खाते मात्र पायरीपायरीने उघडले. एस. एस. तारापोर यांच्या १९९७ च्या समितीने पूर्ण परिवर्तनीयतेआधी वित्तीय तूट, महागाई, बँकांची थकीत कर्जे आणि पुरेसा साठा यांच्या अटी घातल्या. त्याच वर्षी आशियाई आर्थिक संकट आले आणि ती सावधगिरी योग्य ठरल्याचे मत बळावले.

१९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरच्या निर्बंधांच्या काळात रिसर्जंट इंडिया बाँडमधून सुमारे ४.२ अब्ज, तर २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिटमधून सुमारे ५.५ अब्ज डॉलर अनिवासी भारतीयांकडून आले. २००१-०२ पासून तीन वर्षे चालू खात्यावर शिल्लक राहिली. डिसेंबर २००३ मध्ये साठ्याने शंभर अब्जांचा टप्पा ओलांडला आणि मे २००८ मध्ये तो ३१४ अब्जांच्या आसपास पोचला.

२०१३ मध्ये पुन्हा कसोटी लागली. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट ४.८ टक्के या विक्रमी पातळीवर गेली होती. त्या एका वर्षात सोन्याची आयातच सुमारे ५४ अब्ज डॉलरची होती. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आटोपती घेणार, असे संकेत मे २०१३ मध्ये मिळताच भांडवल बाहेर पडू लागले आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला. हाताशी सुमारे २७५ अब्जांचा साठा असूनही बाजार घाबरला. रिझर्व्ह बँकेने अनिवासी ठेवी आणि बँकांच्या परदेशी कर्जांसाठी सवलतीची चलन अदलाबदल योजना आणली. तिच्यातून सुमारे ३४ अब्ज डॉलर आल्यावर स्थिती निवळली. नंतर साठा जून २०२० मध्ये ५०० अब्जांपुढे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ७०० अब्जांपुढे गेला.

या इतिहासातून चर्चेच्या मुळाशी असलेली गोष्ट पुढे येते. चीनने आपला साठा अनेक वर्षे प्रामुख्याने निर्यातीच्या शिलकीतून जमवला. भारताची चालू खात्यावर बहुतेक वर्षे तूटच राहिली. भारताचा साठा मुख्यतः आत आलेल्या भांडवलातून साचला आहे. हे भांडवल परत जाऊ शकते, त्यावर व्याज किंवा लाभांश द्यावा लागतो. मार्च २०२५ मध्ये सुमारे ६६८ अब्जांचा साठा असतानाच भारताचे एकूण परकीय कर्ज सुमारे ७३६ अब्ज डॉलर होते, आणि सर्व आंतरराष्ट्रीय मालमत्ता व देण्यांचा हिशेब केला तर देश निव्वळ तीनशे अब्ज डॉलरहून अधिक देणेकरी होता.

पुरेसे म्हणजे किती

साठ्याचे माप काढण्याच्या रीती काळाबरोबर बदलल्या. सर्वांत जुना निकष तीन महिन्यांच्या आयातीचा. भांडवलावर निर्बंध असलेल्या काळात तो पुरेसा वाटे. आशियाई संकटानंतर अर्जेंटिनाचे पाब्लो गिडोटी आणि अमेरिकेचे ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या नावाने नवा निकष रूढ झाला: येत्या वर्षभरात फेडायचे सर्व परकीय कर्ज साठ्यातून भागले पाहिजे. २०११ मध्ये नाणेनिधीने निर्यात, व्यापक चलनपुरवठा, अल्पमुदतीचे कर्ज आणि इतर देणी यांना वेगवेगळे भार देऊन मिश्र निकष बांधला. त्यानुसार येणाऱ्या आकड्याच्या १०० ते १५० टक्के साठा पुरेसा मानला जातो.

मार्च २०२५ मध्ये भारताचा साठा साधारण अकरा महिन्यांच्या मालआयातीला पुरेल इतका होता. वर्षभरात परिपक्व होणारे सर्व कर्ज साठ्याच्या सुमारे ४५ टक्के होते. पहिले दोन्ही निकष भारत सहज ओलांडतो. तरीही निकषांच्या मर्यादा अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. शेअर बाजारातली परकीय गुंतवणूक कर्जात मोजली जात नाही, पण घबराटीत तीही बाहेर पडते. देशातल्या नागरिकांनी आणि कंपन्यांनी पैसा बाहेर नेण्याचा धोका आयातीच्या निकषात दिसत नाही.

शिवाय जाहीर आकडा आणि वापरता येणारा साठा यांत फरक असू शकतो. १९९७ मध्ये थायलंडच्या जाहीर साठ्याचा मोठा भाग वायदा व्यवहारांत आधीच अडकलेला होता, तर दक्षिण कोरियाने बरेच डॉलर आपल्याच बँकांच्या परदेशी शाखांत ठेवले होते आणि ते ऐन वेळी मोकळे करता आले नाहीत. भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेची वायदा बाजारातली डॉलर विक्रीची निव्वळ बांधिलकी सुमारे ८८ अब्जांवर गेली होती. ही माहिती बँक स्वतः नियमित प्रसिद्ध करते. त्यामुळे भारताची तुलना १९९७ च्या थायलंडशी होऊ शकत नाही. तरीही साठा वाचताना ही बांधिलकी सोबत वाचायला हवी, याबद्दल फारसे दुमत नाही.

पहिली भूमिका: साठा हा विमा

मोठ्या साठ्याचे समर्थक तो संकटाचा विमा मानतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मार्टिन फेल्डस्टीन यांनी १९९९ मध्ये उदयोन्मुख देशांनी नाणेनिधीवर विसंबण्याऐवजी स्वतःचे संरक्षण स्वतः उभारावे, असे सुचवले होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बिमल जालान आणि वाय. व्ही. रेड्डी यांच्या काळात भारताने हाच मार्ग धरला. अमेरिकेची मध्यवर्ती बँक संकटात ठरावीक देशांना डॉलर पुरवते. २००८ आणि २०२० मध्ये तिने ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांना ही सोय दिली, भारत त्या यादीत नव्हता. जपानबरोबरचा ७५ अब्जांचा द्विपक्षीय करार आणि ब्रिक्स देशांचा १०० अब्जांचा आकस्मिक निधी हे पूरक आधार आहेत, पण ते स्वतःच्या साठ्याची जागा घेऊ शकत नाहीत.

२०१४-१५ च्या आर्थिक पाहणीने तर भारताने ७५० अब्ज ते एक लाख कोटी डॉलर इतक्या साठ्याचे लक्ष्य ठेवण्याचा विचार मांडला. २०२२ मध्ये श्रीलंकेचे परकीय चलन संपले, कर्जफेड थांबली आणि इंधन व औषधांसाठी रांगा लागल्या. साठा रिकामा झाल्यावर सर्वाधिक हाल गरिबांचे होतात, हा या भूमिकेचा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे.

दुसरी भूमिका: विम्याचा हप्ता

दुसरी बाजू विम्याची गरज नाकारत नाही, ती हप्ता मोजते. देशातल्या कंपन्या आणि सरकार परकीय भांडवलासाठी जो परतावा देतात, त्याहून बऱ्याच कमी व्याजावर साठा परदेशी रोख्यांत पडून राहतो. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी २००६ मध्ये विकसनशील देशांचे हे नुकसान त्यांच्या उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का असल्याचे मांडले. डॉलर विकत घेताना बाजारात आलेले रुपये शोषून घेण्यासाठीही खर्च होतो. २००४ मध्ये भारताने त्यासाठी बाजार स्थिरीकरण योजना सुरू केली आणि तिच्या रोख्यांचे व्याज सरकारी तिजोरीतून दिले गेले.

याच विचारातून साठ्याचा काही भाग रस्ते, बंदरे, वीज यांसाठी वापरावा, अशी सूचना पुढे आली. २००४ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी ती मांडली. विरोधकांचा मुद्दा असा की साठ्यामागे देणी उभी आहेत. तो देशाची मोकळी बचत नाही. तो देशातल्या कामांवर खर्च करायचा तर डॉलरचे रुपये करावे लागतील, म्हणजे साठा विकावाच लागेल. शेवटी भारतीय पायाभूत कंपन्यांना परदेशी यंत्रसामग्रीसाठी मर्यादित निधी देण्याची वाट काढण्यात आली. मूळ मतभेद मात्र तसाच आहे.

हल्ली या बाजूला नवी गुंतागुंत आली. परदेशी व्याजदर वाढले, रुपया घसरला आणि पूर्वी स्वस्तात घेतलेले डॉलर विकताना रिझर्व्ह बँकेला मोठा नफा होऊ लागला. २०२४-२५ साठी तिने सरकारला २,६८,५९० कोटी रुपयांची शिल्लक दिली. त्यात डॉलरविक्रीच्या नफ्याचा मोठा हात असल्याचे बहुतेक विश्लेषक मानतात. काहींना यात साठ्याचा खर्च भरून निघाल्यासारखा वाटतो. काही सावध करतात की अर्थसंकल्प चलनव्यवहारांतल्या नफ्यावर विसंबू लागला, तर साठ्याच्या व्यवस्थापनावर चुकीचा दबाव येईल.

तिसरी भूमिका: रुपया सांभाळावा की सोडावा

मुक्त भांडवल, स्थिर विनिमय दर आणि स्वतंत्र व्याजदर धोरण ही तीन उद्दिष्टे एकाच वेळी साधत नाहीत, हा अर्थशास्त्रातला जुना सिद्धांत आहे. भारताने तिन्हींपैकी प्रत्येकाचा थोडा भाग निवडला. कोणतीही पातळी राखायची नसून केवळ अनाठायी चढउतार रोखायचे आहेत, ही रिझर्व्ह बँकेची घोषित भूमिका. नाणेनिधीने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या प्रत्यक्ष विनिमयपद्धतीला ‘स्थिरीकृत व्यवस्था’ म्हटले आणि रिझर्व्ह बँकेने ते वर्गीकरण मान्य केले नाही.

हस्तक्षेपाच्या बाजूने सांगितले जाते की भारतातले असंख्य छोटे आयातदार आणि निर्यातदार चलनजोखमीपासून संरक्षण विकत घेऊ शकत नाहीत, आणि रुपया एकदम कोसळला तर महागाईचा फटका सर्वांना बसतो. उलट बाजूने इला पटनाईक, अजय शहा यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की रुपया फारसा हलत नाही असे दिसले की कंपन्या परकीय कर्जावरची जोखीम झाकणे सोडतात, आणि धक्का आला की सगळ्या एकदम डॉलरकडे धावतात. हस्तक्षेपाचा देशांतर्गत परिणामही असतो. २०२४ च्या अखेरीस डॉलर विकले गेले तसे बँकांमधले रुपये आटले. डिसेंबरमध्ये रोख राखीव प्रमाण अर्ध्या टक्क्याने कमी करावे लागले आणि २०२५ च्या सुरुवातीला बँकेने डॉलर-रुपया अदलाबदलीतून रुपये बाजारात आणले.

चौथी भूमिका: कशात आणि कुठे

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची मालमत्ता गोठवली. दुसऱ्या देशाच्या ताब्यातला साठा किती आपला, हा प्रश्न तेव्हापासून सगळ्याच मध्यवर्ती बँकांसमोर आहे. रिझर्व्ह बँकेकडचे सोने मार्च २०२५ मध्ये सुमारे ८८० टन होते, त्यापैकी ५१२ टन देशातच होते. दोन वर्षांपूर्वी सुमारे ७९५ टनांपैकी फक्त ३०१ टन देशात होते. साठ्यातला सोन्याचा वाटा मार्च २०२४ मधल्या ८ टक्क्यांवरून वर्षभरात सुमारे ११.७ टक्क्यांवर गेला.

सोन्याला कोणाच्याही वचनाची गरज नाही, हे त्याचे बळ. पण त्यावर व्याज मिळत नाही आणि भाव मोठे हेलकावे घेतात. व्यापाराची बिले डॉलरमध्ये येतात, कर्जे बहुतांशी डॉलरमध्ये आहेत. म्हणून डॉलरपासून फार दूर जाणे ही स्वतःच एक जोखीम आहे. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयांत आंतरराष्ट्रीय व्यापाराची व्यवस्था केली. रशियाशी वाढलेल्या व्यापारात मात्र एकतर्फी तुटीमुळे रुपये साचण्याची अडचण आली. रुपयाला जगात स्थान मिळवायचे तर आधी व्यापारतोल सुधारावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न भांडवलाच्या दर्जाचा. २०२४-२५ मध्ये भारतात एकूण थेट परकीय गुंतवणूक सुमारे ८१ अब्ज डॉलर आली. पण जुन्या गुंतवणूकदारांनी काढून घेतलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांची परदेशातली गुंतवणूक वजा जाता निव्वळ रक्कम अगदी नगण्य राहिली. काहींच्या मते गुंतवणूकदार नफ्यासह बाहेर पडू शकतात, हे बाजार परिपक्व झाल्याचे लक्षण आहे. इतरांना तो देशांतर्गत गुंतवणुकीच्या आकर्षणाबद्दलचा इशारा वाटतो. काही वर्षांची आकडेवारी हाती आल्याशिवाय याचा निवाडा होणार नाही.

दुसरा प्रश्न सेवा आणि स्थलांतरितांच्या कमाईच्या टिकाऊपणाचा. आखातातल्या मजुरीऐवजी अमेरिका-युरोपातल्या कुशल नोकऱ्यांतून येणारा वाटा वाढला आहे. व्हिसा धोरण, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि परदेशी करांच्या बदलांनी हा प्रवाह कितपत हलेल, याची उत्तरे अजून अंदाजाच्या पातळीवर आहेत. तिसरा प्रश्न तेलाचा. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होत असेपर्यंत व्यवहारतोल बाहेरच्या युद्धांशी बांधलेला राहील. चौथा प्रश्न पारदर्शकतेचा. चलनांचे प्रमाण, हस्तक्षेपाची कारणे, वायदा बांधिलकी यांविषयी किती सांगावे, यावर बाजाराला दिशा मिळण्याचा लाभ आणि सट्टेबाजांना संधी मिळण्याचा धोका यांचा समतोल साधायचा आहे.

या सगळ्या चर्चेत सहमतीची जागा वाटते त्यापेक्षा मोठी आहे. साठा हवा, याविषयी कोणाचेही दुमत नाही. १९९१ पाहिलेल्या देशात ते असणेही कठीण. मतभेद हप्त्याच्या रकमेवर, रुपयाच्या मोकळेपणावर आणि सोने-डॉलरच्या प्रमाणावर आहे. माझ्या मते या मतभेदांत सर्वाधिक उपयोगाचा धडा १९९३ च्या अहवालातला आहे: साठ्याचा आकडा कधीही एकटा वाचू नये. त्याच्यासोबत वर्षभरात फेडायची देणी, वायदा बांधिलकी, चालू खात्यावरची तूट आणि ती तूट कोणत्या भांडवलाने भरली जाते, हे चार आकडे मांडले तरच देश किती सुरक्षित आहे ते कळते. दर आठवड्याच्या बातमीत पहिला आकडा येतो. उरलेले चार रिझर्व्ह बँकेच्या वेगवेगळ्या प्रकाशनांत विखुरलेले असतात. ते एकत्र, नियमितपणे आणि सामान्य वाचकाला समजतील अशा रीतीने लोकांपुढे ठेवणे रिझर्व्ह बँकेला शक्य आहे. साठ्यातला प्रत्येक डॉलर निर्यातदाराच्या, परदेशात राबणाऱ्या माणसाच्या किंवा परतफेड मागणाऱ्या गुंतवणूकदाराच्या खात्यातून आलेला आहे. त्यातला कमावलेला किती आणि उसना किती, हे जाणून घेण्याचा नागरिकांना हक्क आहे.